आत गेलेली गाणी बाहेर का येत नाहीत?

खिशात मावणारा संगीताचा प्लेअर संगणकाला जोडला, की संगणकावरची गाणी त्यात उतरतात. हाच प्रवास उलट दिशेने, म्हणजे प्लेअरमधून संगणकाकडे का होत नाही, हा प्रश्न गेली वीसेक वर्षे अनेकांना पडत आला आहे. वरवर पाहता तो दुकानदाराला विचारावा असा वाटतो. पण उत्तर शोधू लागलो की फाईल म्हणजे नेमके काय, वस्तू आणि तिचे नाव यांचा संबंध काय, अस्सल आणि नक्कल यांत फरक उरतो का, अशा वर्गात बोलण्याजोग्या बऱ्याच गोष्टी हाती लागतात.

उदाहरण म्हणून आपण ॲपल कंपनीचा आयपॉड घेऊ. पहिला आयपॉड ऑक्टोबर २००१ मध्ये आला आणि शेवटचे मॉडेल मे २००२ नव्हे, तर तब्बल वीस वर्षांनी, मे २०२२ मध्ये बंद झाले. आता तो दुकानात नवा मिळत नसला तरी असंख्य घरांच्या कपाटांत पडून आहे. आणि त्यातले संगीत बाहेर काढण्याची गरज खरी आत्ताच उभी राहते, कारण ज्या संगणकावरून ते भरले होते ते संगणक केव्हाच भंगारात गेले आहेत.

आमच्या ओळखीच्या एका संगीतशिक्षिकेची हीच अडचण होती. त्यांच्या गुरुजींच्या तालमीच्या कॅसेटी त्यांनी जपून ठेवल्या होत्या. २००६ च्या सुमारास भाच्याने त्या संगणकावर उतरवून आयपॉडमध्ये भरून दिल्या. पुढे दोन-तीन पावसाळ्यांत कॅसेटींना बुरशी लागली, त्या टाकून दिल्या गेल्या. संगणकही बिघडला. गुरुजी आता नाहीत. उरला तो आयपॉड. तो नव्या संगणकाला जोडला तेव्हा पडद्यावर प्रश्न आला, की हा प्लेअर दुसऱ्या संग्रहाशी जोडलेला आहे, तो पुसून या संग्रहातील गाणी भरू का? बाईंनी उत्तर न देता तार उपटली आणि आमच्याकडे आल्या. त्यांनी केले ते अगदी योग्य केले. तिथे ‘हो’ म्हटले असते तर पुढचे काही सांगण्यासारखे राहिले नसते.

आता विचार करा. आयपॉडमधून तालीम ऐकू येत होती. म्हणजे ती आत होती यात शंका नाही. मग ‘बाहेर येत नाही’ याचा अर्थ काय?

खोक्याच्या आत

पहिला आयपॉड म्हणजे मुख्यतः १.८ इंची हार्ड डिस्क होती, ५ गिगाबाइटची. ‘१००० गाणी खिशात’ अशी त्याची जाहिरात असे. हा आकडा मुलांकडून पडताळून घेण्याजोगा आहे. ५ गिगाबाइट भागिले १००० म्हणजे एका गाण्याला ५ मेगाबाइट. सीडीवर एका सेकंदाच्या संगीतासाठी ४४,१०० वेळा, डाव्या व उजव्या अशा दोन्ही बाजूंसाठी, १६ बिटांची नोंद होते. गुणाकार केला तर सेकंदाला १४,११,२०० बिट, म्हणजे चार मिनिटांच्या गाण्याला सुमारे ४२ मेगाबाइट. हे ५ मध्ये कसे बसवायचे? एमपी३ पद्धतीत मोठ्या आवाजाने झाकोळले जाणारे बारीक आवाज, जे कानाला तसेही ऐकू येत नाहीत, ते गाळतात. १६० किलोबिटांच्या एमपी३ फाईलमध्ये तेच गाणे ४.८ मेगाबाइटमध्ये मावते. जाहिरातीचे गणित बरोबर आहे.

तर आयपॉड ही मुळात एक डिस्क आहे. योग्य ती सोय चालू केली की संगणकाला ती पेनड्राइव्हसारखीच दिसते. ती सोय बंद असेल, तर मधले बटण व ‘मेनू’ एकत्र दाबून धरायचे आणि सफरचंदाची खूण दिसताच मधले बटण व ‘प्ले’ दाबून धरायचे. २००४ नंतरच्या बहुतेक चाकवाल्या मॉडेलांत अशाने ‘डिस्क मोड’ सुरू होतो. (मॅकिंटॉश संगणकावर तयार केलेला आयपॉड विंडोजला वाचता येत नाही, हे लक्षात असू द्यावे.)

पण डिस्क उघडली की निराशा होते. ‘कॅलेंडर’, ‘कॉन्टॅक्ट्स’, ‘नोट्स’ असे दोन-तीन फोल्डर दिसतात आणि गाणी कुठेच नाहीत. संगणकाला ‘लपवलेल्या फायली दाखव’ असे सांगितले, की ‘आयपॉड_कंट्रोल’ नावाचा आणखी एक फोल्डर प्रकट होतो. त्यात ‘म्युझिक’, आणि ‘म्युझिक’मध्ये एफ००, एफ०१, एफ०२ असे क्रमांकांचे फोल्डर. मोठ्या मॉडेलांत ते एफ४९ पर्यंत असतात. गाणी इथेच आहेत. म्हणजे कुलूप नाहीच. नुसता पडदा आहे.

पडद्यामागे मात्र वेगळाच घोळ दिसतो. फायलींची नावे क्यूजेएक्सएम, टीव्हीएलके अशी चार अक्षरी, निरर्थक. एकाच रागाच्या तीन फायली तीन वेगळ्या फोल्डरांत. कुणीतरी मुद्दाम गाण्यांचा पत्त्यांचा डाव पिसला आहे असे वाटावे. यात काही प्रमाणात संरक्षणाचा हेतू असेलही, पण तांत्रिक सोय नक्की आहे. गाण्याच्या नावात प्रश्नचिन्ह किंवा तिरकी रेघ असली तर फाईलला ते नाव देता येत नाही. शिवाय शास्त्रीय संगीताच्या कोणत्याही संग्रहात नुसते ‘भैरवी’ नावाचे दहा तुकडे असणारच, आणि एका फोल्डरमध्ये एका नावाच्या दोन फायली राहू शकत नाहीत. यंत्राला नावाचा अर्थ नको असतो, नाव वेगळे असले की पुरे. चार इंग्रजी अक्षरांची २६ × २६ × २६ × २६ म्हणजे ४,५६,९७६ नावे होतात, ती खिशातल्या प्लेअरला भरपूर झाली. एकाच फोल्डरमध्ये हजारो फायली कोंबल्या तर फॅट पद्धतीच्या डिस्कवर हवी ती शोधताना यादी पहिल्यापासून चाळावी लागते, म्हणून पन्नास फोल्डरांत वाटणी करणेही शहाणपणाचेच.

धोब्याची वही

धोबी कपड्यावर खूण करतो ती त्याच्यापुरती. त्या दोन टिंबांवरून शर्ट कुणाचा ते आपल्याला कळत नाही, धोब्याला त्याच्या वहीवरून कळते. आयपॉडमध्ये ही वही म्हणजे ‘आयट्यून्सडीबी’ नावाची एक फाईल. प्रत्येक गाण्यासाठी तिच्यात एक नोंद असते. शीर्षक, कलाकार, किती वेळा वाजवले, आणि फाईल कोणत्या फोल्डरात कोणत्या चार अक्षरी नावाने आहे त्याचा पत्ता. पत्त्यातले भाग तिरक्या रेघेने नव्हे तर विसर्गासारख्या दोन टिंबांनी वेगळे केलेले असतात. ही जुन्या मॅकिंटॉश संगणकांची रीत, तिचा अवशेष इथे सापडतो. आपण पडद्यावर ‘यमन’ निवडतो तेव्हा आयपॉड ही वही पाहतो आणि क्यूजेएक्सएम वाजवतो.

वही हरवली तर? तर कपड्याच्या आतच मालकाचे नाव शिवलेले आहे का, हे पाहायचे. वसतिगृहातल्या मुलांच्या शर्टांच्या कॉलरला असते तसे. एमपी३ फायलींत असे नाव शिवायची सोय १९९६ मध्ये एरिक केम्प यांनी सुचवली, तिला आयडी३ म्हणतात. युक्ती साधी होती. फाईलच्या अगदी शेवटी १२८ बाइट जोडायचे. त्यांतील पहिल्या तीनमध्ये टी-ए-जी ही अक्षरे, मग ३० बाइट शीर्षक, ३० कलाकार, ३० संग्रहाचे नाव, ४ साल, ३० टिपण आणि शेवटचा एक बाइट संगीताच्या प्रकाराचा. बेरीज करून पहा, बरोबर १२८ येते.

त्या एका बाइटची गंमत सांगितलीच पाहिजे. मूळ यादीत ० ते ७९ असे ऐंशी प्रकार होते. ब्लूजला शून्य क्रमांक, डिस्कोला ४, जॅझला ८. हिंदुस्थानी किंवा कर्नाटक संगीत यादीत नव्हतेच. ‘क्लासिकल’ होते, पण ते त्यांचे. त्यामुळे ख्याल, लावणी, अभंग, सगळ्यांची रवानगी ‘एथनिक’ या ४८ क्रमांकाच्या खणात होण्याची सोय होती. वर्गीकरण करणारा कुठे उभा आहे यावर खण ठरतात, हे जीवशास्त्र शिकवणाऱ्यांना वेगळे सांगायला नको. देवनागरी अक्षरांनाही त्या चिठ्ठीत नीट जागा नव्हती, त्यांची प्रश्नचिन्हे होत. १९९८ मध्ये आलेल्या दुसऱ्या आवृत्तीत चिठ्ठी फाईलच्या सुरुवातीला गेली, हवी तेवढी मोठी होऊ लागली आणि युनिकोडमुळे मराठीही लिहिता येऊ लागले.

करून पहा: शाळेच्या पेनड्राइव्हवर दहा एमपी३ गाण्यांच्या प्रती घ्या. (मूळ फायलींना हात लावू नका.) त्यांची नावे बदलून चार अक्षरी निरर्थक नावे द्या आणि मुलांना, गाणे न वाजवता, ओळखायला सांगा. कुणीतरी फाईलवर उजवे बटण दाबून ‘प्रॉपर्टीज’ उघडेलच आणि आत गायकाचे नाव सापडेल. मग विचारा, नाव बदलले तरी गाणे बदलले का? आणि नाव कुठे होते, बाहेर की आत? ज्या गाण्यांच्या पोटात काहीच सापडणार नाही, तिथे चर्चा जास्त रंगते.

बाईंच्या आयपॉडची खरी मेख अशीच होती. त्यातली बाजारातली गाणी एमपी३ होती, त्यांच्या पोटात नावे होती. ती संगणकावर उतरवली आणि एका मोफत प्रोग्रामने पोटातली नावे वाचून सगळ्यांना शीर्षकाप्रमाणे नवी नावे दिली. अर्ध्या तासाचे काम. पण भाच्याने कॅसेटींवरून घेतलेल्या तालमी ‘वेव्ह’ प्रकारच्या फायली होत्या, म्हणजे काहीही न गाळता, मिनिटाला सुमारे १०.६ मेगाबाइट अशा. हा त्याचा निर्णय चांगलाच होता, आवाज उत्तम राहिला. मात्र आयट्यून्स हा प्रोग्राम वेव्ह फाईलच्या पोटात नाव लिहीत नसे. नाव फक्त वहीत. म्हणजे एकसारखी पांढरी धोतरे, नाव एकावरही नाही, आणि कुणाचे कोणते ते फक्त धोब्याला माहीत!

नुसता ‘म्युझिक’ फोल्डर उचलून आणला असता, तर बिननावाच्या पाऊणपाऊण तासांच्या फायली हाती आल्या असत्या. राग ओळखता आला असता, पण ‘मारवा, दुसरा दिवस, अंतरा सुधारून’ ही नोंद गेली असती, आणि शिकणाऱ्याला तीच हवी असते. म्हणून आम्ही सगळा ‘आयपॉड_कंट्रोल’ फोल्डर जसाच्या तसा उतरवला. मग वहीची फाईल कच्च्या रूपात, म्हणजे एकेक बाइट दाखवणाऱ्या प्रोग्राममध्ये उघडली. तिच्यात एम-एच-आय-टी ही चार अक्षरे जिथे येतात तिथे एका गाण्याची नोंद सुरू होते, आणि मागोमाग शीर्षक व पत्ता येतात. एवढे कष्ट घ्यायलाच हवेत असे नाही. लिनक्सवरील ‘जीटीकेपॉड’सारखे मुक्त प्रोग्राम ही वही वाचून नावांसकट फायली बाहेर काढतात. पण विद्यार्थ्यांना सोबत घेऊन एकदा हाताने करावे असे हे काम आहे. कोणताही आराखडा हाती नसताना, ओळखीच्या खुणांवरून लिपी उलगडण्याचा आनंद त्यात आहे.

एकेरी रस्ता कुणी केला?

इथे कुणी विचारेल, की सगळे आत उघडे पडलेले असताना ‘प्लेअरमधून संगणकात आण’ असे एक बटण द्यायला कंपनीला काय झाले होते? त्याचे उत्तर भौतिकशास्त्रात नाही, कायद्यात आणि धंद्यात आहे.

कॅसेटवरून कॅसेट, तिच्यावरून तिसरी, अशी नक्कल केली की दर पिढीला खरखर वाढते हे आपण सर्वांनी ऐकले आहे. नक्कल आपोआप थकते. अंकांची नक्कल थकत नाही. वर्गात हे दाखवायला दहा मुलांची रांग करा. पहिल्याला एक चित्र दाखवून ते पाहून काढायला सांगा, दुसऱ्याने पहिल्याचे पाहून काढायचे, असे शेवटपर्यंत. मग वीस अंकी संख्या अशीच उतरवत न्या. चित्रातल्या मांजराचे दहाव्या कागदावर काय होईल सांगता येत नाही, संख्या बहुतेक वेळा तशीच पोचते. कारण पाच हा अंक कितीही गिचमिड लिहिला तरी वाचणारा तो पाच म्हणूनच वाचतो आणि पुढे नवा, स्वच्छ पाच लिहितो.

संगीत कंपन्यांना याचीच धास्ती होती. अमेरिकेत १९९२ मध्ये झालेल्या कायद्याने डिजिटल ध्वनिमुद्रकांत अशी व्यवस्था सक्तीची केली, की मूळ तबकडीची नक्कल करता यावी, पण नकलेची नक्कल होऊ नये. पुढे १९९८ मध्ये ‘रिओ’ हा छोटा एमपी३ प्लेअर आला. त्याची स्मृती ३२ मेगाबाइट, जेमतेम अर्ध्या-एक तासाचे संगीत मावेल एवढी. ध्वनिमुद्रण उद्योगाच्या संघटनेने त्याच्याविरुद्ध दावा लावला. जून १९९९ मध्ये अपील न्यायालयाने तो फेटाळला. रिओ संगणकाच्या हार्ड डिस्कवरून गाणी घेतो, आणि हार्ड डिस्क ही त्या कायद्याच्या व्याख्येतली संगीताची तबकडी नव्हे, असा निकालाचा आशय होता. आमच्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचे असे, की यंत्राचे वर्णन करताना न्यायालयाने एक गोष्ट आवर्जून नोंदली. रिओमधले गाणे पुन्हा संगणकाकडे पाठवता येत नाही, त्यातून आवाज बाहेर पडतो तो फक्त हेडफोनच्या वाटेने. एकेरी रस्ता ही अशी अब्रूची बाब होऊन बसली. दोन वर्षांनी आलेल्या आयपॉडच्या वेष्टनावर तर ‘संगीत चोरू नका’ असे छापलेलेच असे.

यात नुकसान झाले ते स्वतःचा आवाज नोंदवणाऱ्यांचे. सोनी कंपनीची मिनिडिस्क १९९२ मध्ये आली. छोटी, टिकाऊ, मायक्रोफोन जोडला की उत्तम मुद्रण करणारी. पत्रकार आणि संगीतकार तिच्यावर खूष होते. २००१ मध्ये ती संगणकाला जोडता येऊ लागली, तेव्हा संगणकातून चकतीवर गाणी झरझर जात, पण आपणच मायक्रोफोनवर घेतलेली मुलाखत त्या तारेतून परत येत नसे. ऐंशी मिनिटांची चकती ऐंशी मिनिटे वाजवत बसून हेडफोनच्या वाटेनेच उतरवावी लागे. जुन्या चकत्या तारेतून वाचणारे यंत्र सोनीने काढले ते २००६ मध्ये. तोवर मिनिडिस्कचे दिवस भरत आले होते. चोराला अडवण्यासाठी घातलेल्या कुंपणात घरधनीच अडकावा, यापेक्षा चांगले उदाहरण आम्हाला माहीत नाही.

हेडफोनची वाट मात्र कुणालाच बंद करता येत नाही, कारण शेवटी संगीत कानापर्यंत पोचायलाच हवे. ही वाट किती लांबची आहे ते मोजू. प्रत्येकी चार मिनिटांची ५००० गाणी वाजवून उतरवायला २०,००० मिनिटे, म्हणजे रात्रंदिवस जवळजवळ चौदा दिवस. तीच गाणी फायली म्हणून तारेतून घेतली, तर २५,००० मेगाबाइट, सेकंदाला १० मेगाबाइट असा साधारण वेग धरला, तर बेचाळीस मिनिटे. शिवाय लांबच्या वाटेने आलेले गाणे पुन्हा एमपी३ केले, की एकदा गाळलेले पुन्हा गाळले जाते, आणि चिठ्ठी तर येतच नाही.

खरे कुलूप वेगळ्या गाण्यांना होते. ॲपलच्या दुकानातून एप्रिल २००३ पासून विकली जाणारी गाणी गूढलिपीत बंद असत. फाईल कुठेही न्या, परवानगी दिलेल्या पाच संगणकांपलीकडे ती वाजत नसे. ही गाणी आपल्याच संगणकावर परत घेण्याची सोय सप्टेंबर २००६ मध्ये कंपनीने स्वतःच दिली, आणि जानेवारी २००९ मध्ये संगीतावरची ही कुलुपे काढण्याचे जाहीर केले. भारतात ते दुकान डिसेंबर २०१२ मध्ये उघडले, त्यामुळे इथल्या बहुतेक आयपॉडांत कुलपाची गाणी सापडायची नाहीत. आपल्या कॉपीराइट कायद्यानेही खासगी वापरासाठी योग्य वापराची मुभा ठेवली आहे. अर्थात स्वतःच्या प्लेअरमधून स्वतःच्या संगणकावर आणणे वेगळे आणि तो संग्रह गावभर वाटणे वेगळे.

काढायला बसण्यापूर्वी

जुना आयपॉड जोडण्याआधी संगणकावर आयट्यून्स असेल तर तो आपोआप ‘जुळवाजुळव’ करणार नाही, अशी सूचना त्याला देऊन ठेवा. विंडोजवर जोडताना शिफ्ट आणि कंट्रोल या कळा दाबून धरल्या तरी चालते. पोट फुगलेली बॅटरी दिसली तर तो जोडू नका, जाणकाराकडे द्या. आतली हार्ड डिस्क टकटक वाजत असेल, तर ऐकण्याचा मोह टाळून आधी फायली उतरवा, कारण अशी डिस्क किती वेळा फिरेल याची खात्री नसते. बाईंच्या आयपॉडने दोन फायलींवर बराच वेळ घेतला, पण शेवटी दिल्या.

आयपॉड टच मात्र असा डिस्क म्हणून उघडत नाही, त्याला वेगळे प्रोग्राम लागतात. आणि बाजारातले साधे, बिननावाचे एमपी३ प्लेअर सरळ पेनड्राइव्हसारखे उघडतात, तिथे हा सगळा खटाटोप करावाच लागत नाही.

प्रत उतरली की ती बरोबर आहे का, हे ऐकून ठरवू नये. पाऊण तासाच्या फाईलमधला एक बिघडलेला क्षण कानातून सहज निसटतो. फाईलच्या सगळ्या बाइटांवरून एक लांबलचक संख्या काढणारे प्रोग्राम मोफत मिळतात. एक बिट जरी बदलला तरी ती संख्या पार वेगळी येते. आयपॉडमधल्या फाईलची संख्या काढा, संगणकावरच्या प्रतीची काढा आणि शेजारी शेजारी ठेवून पहा. सर्व फायलींच्या संख्या जुळल्या, दुसरी प्रत वेगळ्या डिस्कवर गेली, आणि वहीची फाईलही सोबत आहे याची खात्री झाली, की मग आयट्यून्सच्या त्या प्रश्नाला हवे ते उत्तर द्यावे.